घोंगडी, फीत आणि जमीन

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे होतात. अशा प्रसंगी क्रांतीचा इतिहास नेहमीच उंचावरून सांगितला जातो. वॉशिंग्टनचे सेनापतित्व, जेफर्सनची लेखणी, फिलाडेल्फियाचे सभागृह आणि यॉर्कटाउनची शरणागती यांच्या चित्रमालिकेत सामान्य शिपाई दिसतो तो केवळ गर्दी म्हणून. परंतु क्रांतीचे खरे मोजमाप जाहीरनाम्यांनी होत नाही. त्यासाठी एखाद्या लहान गावात जावे लागते आणि दोन दप्तरे शेजारी शेजारी उघडावी लागतात. पहिले सैन्याच्या हजेरीपटाचे आणि दुसरे जमिनीच्या मालकीचे. कोण लढले ते पहिल्या दप्तरात कळते. लढाई कोणासाठी झाली ते दुसऱ्यात.

मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या डोंगरात, हूसाटॉनिक नदीकाठी स्टॉकब्रिज नावाचे एक छोटे गाव आहे. या एका गावातून मोहिकन आदिवासी क्रांतीसाठी लढले आणि कृष्णवर्णीयही लढले. क्रांतीने दोघांना हाक कशी मारली, दोघांच्या पदरात काय टाकले आणि जे मिळाले ते कोणाच्या बळावर मिळाले, हा हिशेब स्टॉकब्रिजच्या दप्तरात जितका स्पष्ट आहे तितका मोठ्या शहरांच्या इतिहासात क्वचितच आढळतो. शोषितांना बरोबर घेऊन परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक चळवळीने हा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे.

स्वतःच्या गावात ऋणको

स्टॉकब्रिज हे गाव मुळात वसवले गेले तेच मोहिकनांसाठी. १७३४ साली जॉन सार्जंट हा मिशनरी त्यांच्यात येऊन राहिला. १७३९ साली गावाला रीतसर मान्यता मिळाली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा हा मुलूख मोहिकनांचा राहील आणि त्यांना नव्या शेतीचे व धर्माचे वळण लागावे म्हणून मोजकी चार इंग्रज कुटुंबे तेथे राहतील, अशी मूळ योजना होती. सुरुवातीच्या ग्रामसभांत मोहिकन पुढारी पंच म्हणून निवडलेही जात.

चार कुटुंबांची पुढे कित्येक कुटुंबे झाली. त्यांतील एफ्राइम विल्यम्सच्या घराण्याने गावच्या जमिनीवर आपला हात कसा पसरला, याविरुद्ध १७५१ साली तेथे धर्मोपदेशक म्हणून आलेल्या जोनाथन एडवर्ड्सलाही आवाज उठवावा लागला. परंतु जमीन तलवारीने गेली नाही. ती वह्यांतून गेली. दुकानदाराचे देणे, कोर्टाचा खर्च, आजारपणाची उधारी यांच्या गाठी साठत गेल्या. आदिवासींची जमीन परस्पर विकत घेण्यास पूर्वी जे निर्बंध होते ते १७६५ साली प्रांताच्या विधिमंडळाने सैल केले आणि कर्ज फेडण्यासाठी मोहिकनांनी जमीन विकावी यास मुभा दिली. सावकारी कर्ज आणि सरकारी मुभा या दोहोंची सांगड बसली की पुढे काय होते, हे जगातील कोणत्याही आदिवासी पट्ट्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. क्रांतीचा बिगूल वाजला तेव्हा मोहिकन हे स्वतःच्या गावात अल्पसंख्य, अल्पभूधारक आणि ऋणको झाले होते.

अशा लोकांना क्रांतीने हाक दिली. १७७५ च्या एप्रिलमध्ये, लेक्सिंग्टनची पहिली गोळी सुटण्याच्याही आधी, मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने स्टॉकब्रिजच्या मोहिकनांना बंधू म्हणून संबोधणारे पत्र धाडले. सैन्यात नाव नोंदविणाऱ्या प्रत्येकाला प्रेमाची खूण म्हणून एक घोंगडी आणि एक फीत देण्याचे ठरले. त्या पत्रात जमिनीविषयी काहीही नव्हते.

निम्हॅमचा हिशेब

मोहिकन भाबडे होते, घोंगडी आणि फितीला भुलले, असा निष्कर्ष काढणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एकाचे चरित्र पाहिले तरी हे ध्यानी येते. डॅनियल निम्हॅम हा हडसन नदीच्या खोऱ्यातील वॅपिंजर जमातीचा प्रमुख. त्या जमातीची सुमारे दोन लाख एकर जमीन फिलिप्स या बड्या जमीनदार घराण्याने बळकावली होती. वॅपिंजर लोक फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढत असताना आणि त्यांची बायकापोरे स्टॉकब्रिजच्या आसऱ्याला असताना ही जमीन कुळांना वाटून दिली गेली. न्यूयॉर्कच्या मंडळापुढे दाद मागून काही होईना, तेव्हा १७६६ साली निम्हॅम काही मोहिकन सोबत्यांसह समुद्र ओलांडून थेट लंडनला गेला. तेथील अधिकाऱ्यांनी त्याचे गाऱ्हाणे सहानुभूतीने ऐकले आणि फेरचौकशीसाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला पाठविले. १७६७ साली न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने आणि त्याच्या मंडळाने ते फेटाळून लावले. हे मंडळ जमीनदारांच्या हितसंबंधांत पुरते गुंतलेले होते. चोराच्या हातीच पंचनामा दिल्यावर आणखी काय व्हावयाचे?

राजाचा न्याय शेवटी जमीनदाराच्या दारातच येऊन थांबतो, हे निम्हॅम असा अनुभवाने शिकला होता. म्हणून तो आणि त्याचा मुलगा अब्राहम क्रांतीच्या बाजूला गेले. त्यांना गुलामगिरीची गोडी नव्हती आणि गोऱ्यांच्या आश्वासनांवर आंधळा विश्वासही नव्हता. नवे राज्य येईल, जुने दावे नव्याने ऐकले जातील, संकटात साथ दिलेल्यांना ते विसरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. या हिशेबात आशा होती, पण मूर्खपणा नव्हता. तो फसला याचा दोष हिशेब मांडणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

बॉस्टनच्या वेढ्यापासून मोहिकन लढत राहिले. ३१ ऑगस्ट १७७८ रोजी न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस किंग्जब्रिजजवळ अब्राहम निम्हॅमची तुकडी सिमको या इंग्रज अधिकाऱ्याच्या सापळ्यात सापडली. पायदळ आणि घोडदळ यांच्या कचाट्यात उघड्या शेतात ती कापली गेली. सिमकोने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की वृद्ध निम्हॅमने आपल्या माणसांना पळून जाण्यास सांगितले, स्वतः मात्र, वय झाले आहे तेव्हा येथेच मरेन असे म्हणून तो जागचा हलला नाही. त्याने सिमकोला जखमी केले आणि मग तो पडला. मुलगाही त्याच दिवशी पडला. मृतांच्या संख्येविषयी दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत. परंतु ज्या जमातीत कर्ते पुरुषच थोडे उरले होते तिच्यासाठी तो एक दिवस संहाराचा होता. मारल्या गेलेल्या या माणसांच्या वेषाचे वर्णन आणि रेखाचित्र योहान एवाल्ड या जर्मन अधिकाऱ्याच्या रोजनिशीत आहे. गुडघ्यापर्यंतचा जाडाभरडा सदरा, लांब विजार, खांद्यावर बाणांचा भाता आणि हाती बंदूक. मित्रांपेक्षा शत्रूनेच त्यांना अधिक निरखून पाहिले, असेच म्हणावे लागते.

युद्ध संपले. जुलै १७८३ मध्ये वॉशिंग्टनने मोहिकनांच्या एकनिष्ठ सेवेचे प्रशस्तिपत्र दिले. त्याच्याच खर्चाने गावात बैल भाजून मेजवानी झाली, असे स्थानिक परंपरा सांगते. आणि मेजवानीनंतर दोन-चार वर्षांच्या आत जमातीचा मोठा भाग गाव सोडून न्यूयॉर्क प्रांतात ओनायडा आदिवासींनी देऊ केलेल्या जमिनीवर राहावयास निघून गेला. स्टॉकब्रिजमध्ये त्यांना उभे राहण्यापुरतीही जमीन उरली नव्हती. निम्हॅमच्या मृत्यूनंतर तुकडीचा कप्तान झालेला हेन्ड्रिक ऑपॉमट पुढे नव्या सरकारचा दूत म्हणून पश्चिमेकडील जमातींकडे गेला. या सरकारवर विश्वास ठेवा, असे तो त्यांना सांगत राहिला. त्याच्या स्वतःच्या लोकांचे बिऱ्हाड मात्र दर पिढीला पाठीवरच राहिले. १८१८ साली काहीजण इंडियानात गेले, तर ते पोहोचेपर्यंत तेथील जमीन विकली गेली होती. मग विस्कॉन्सिन. १८४३ साली अमेरिकी काँग्रेसने त्यांना नागरिकत्व देऊ केले ते सामूहिक जमिनीची वाटणी करण्याच्या अटीवर. म्हणजे हक्काचा कागद हातात ठेवताना पायाखालची जमीन काढून घेण्याची ही तजवीज होती. तीन वर्षांत तो कायदा मागे घ्यावा लागला. अखेर १८५६ च्या कराराने विस्कॉन्सिनमध्ये त्यांना एक राखीव प्रदेश मिळाला. अमेरिकेतील सर्व आदिवासींना नागरिक मानणारा कायदा झाला तो १९२४ साली. निम्हॅम पितापुत्र किंग्जब्रिजच्या शेतात पडल्याला तेव्हा १४६ वर्षे झाली होती.

सैन्याचे दार

मोहिकनांना निदान बोलावणे तरी आले. कृष्णवर्णीयांना क्रांतीच्या सैन्याचे दार प्रथम बंदच होते. वस्तुतः लेक्सिंग्टनच्या माळावर आणि बंकर हिलच्या टेकडीवर काळे शिपाई गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. तरीही ऑक्टोबर १७७५ मध्ये वॉशिंग्टनच्या युद्धमंडळाने काळ्यांची भरती करू नये असे ठरविले. जे गुलाम होते त्यांनाच नव्हे, स्वतंत्र होते त्यांनाही. स्वातंत्र्याच्या सैन्यात काळा माणूस बंदूक घेऊन उभा राहिला तर दक्षिणेतील मळेवाल्यांच्या पोटात गोळा उठेल, ही भीती त्यामागे होती.

हे दार उघडले ते तत्त्वाने नव्हे. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डन्मोर याने, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या सैन्यात येतील ते स्वतंत्र होतील, अशी घोषणा केली. शेकडो गुलाम मळे सोडून तिकडे धावले. मग वर्ष संपता संपता वॉशिंग्टनने, पूर्वी सैन्यात असलेल्या स्वतंत्र काळ्यांना पुन्हा भरती होण्याची परवानगी दिली. पुढे युद्ध लांबले, गोरे शेतकरी सुगीला घरी परतू लागले, प्रत्येक गावाच्या माथी भरतीचा आकडा बसला आणि मग मालकाच्या बदली गुलाम, श्रीमंताच्या बदली गरीब अशी भरती सुरू झाली. क्रांतीच्या बाजूने सुमारे पाच हजार कृष्णवर्णीय लढले असा अंदाज सर्वसाधारणपणे मानला जातो.

त्यांतील एक स्टॉकब्रिजचा अग्रिपा हल. १७५९ साली नॉर्थॅम्प्टन येथे तो स्वतंत्र आईबापांच्या पोटी जन्मला आणि लहानपणीच स्टॉकब्रिजला आला. १ मे १७७७ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, युद्ध संपेपर्यंतच्या मुदतीने तो भरती झाला. सहा वर्षे दोन महिने तो सैन्यात होता. प्रथम जनरल पॅटर्सनचा आणि मग चार वर्षांहून अधिक काळ पोलिश स्थापत्यविशारद तादेउश कोश्चुश्को याचा तो हुजऱ्या होता. दक्षिणेतील मोहिमेत शस्त्रवैद्यांना हातपाय कापण्याच्या कामी मदत करण्याची पाळीही त्याच्यावर आली. त्या दक्षिणेत त्याने काय काय पाहिले असेल? ज्या स्वातंत्र्यासाठी तो गणवेश घालून चालला होता त्याच स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते त्याच्याच रंगाच्या माणसांना बाजारात विकत होते.

जुलै १७८३ मध्ये हलला सेवामुक्तीचा कागद मिळाला. त्यावर वॉशिंग्टनची सही होती. गावी परतून त्याने मजुरी केली, पै पै जोडून थोडी थोडी जमीन घेतली आणि तो गावातील सर्वांत मोठा कृष्णवर्णीय जमीनमालक झाला. १८२८ साली निवृत्तिवेतनासाठी अर्ज करताना हा सेवामुक्तीचा कागद सरकारकडे पाठवावा लागणार होता. त्याच्या वतीने लिहिणाऱ्या चार्ल्स सेजविकने कळविले की कागद परत मिळणार नसेल तर हल निवृत्तिवेतन सोडील पण कागद सोडणार नाही. सत्तरीच्या घरातील एका मजुराला पैशाची किंमत कळत नव्हती असे नाही. परंतु काळ्या माणसाचा शब्द ज्या देशात पुरावा म्हणून चालत नाही तेथे असा कागदच त्याचे अस्तित्व सिद्ध करीत असतो, हे त्याला चांगले ठाऊक होते. कागदपत्रांवाचून सरकारी कचेरीतून माघारी फिरलेल्या कोणाही गरिबाला हलचा हा हट्ट समजेल.

बेटचा दावा

हल स्वतंत्र जन्मला होता. गुलाम जन्मलेल्यांचे काय? याचे उत्तर त्याच तालुक्यात, आणि लढाईच्या मैदानाबाहेर, एका निरक्षर स्त्रीने दिले.

स्टॉकब्रिजच्या दक्षिणेस शेफील्ड येथे कर्नल जॉन ॲशली हा बडा जमीनदार राहत असे. १७७३ साली इंग्रज सरकारविरुद्धचा एक प्रसिद्ध ठराव त्याच्या घरात बसून तयार झाला. निसर्गतः सर्व माणसे समान आणि स्वतंत्र आहेत, अशा आशयाची भाषा त्यात होती. या घरात बेट नावाची गुलाम दासी होती. मालकिणीने दुसऱ्या एका दासीवर उगारलेला तापलेला लोखंडी फावडा बेटने आपल्या हातावर झेलला आणि त्याचा व्रण जन्मभर उघडा ठेवून वावरली, असे सांगतात. १७८० साली मॅसॅच्युसेट्सची नवी घटना आली आणि सर्व माणसे स्वतंत्र व समान जन्मतात हे तत्त्व तिच्या पहिल्याच कलमात आले. बेट ज्या वकिलाकडे गेली तो थिओडोर सेजविक शेफील्डचा तो ठराव लिहिणाऱ्यांपैकीच एक होता. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने बेट आणि ब्रॉम या दोघा गुलामांच्या बाजूने कौल दिला. त्यांना स्वातंत्र्य मिळाले आणि वर तीस शिलिंग नुकसानभरपाई. ॲशलीने अपील केले आणि मग ते सोडून दिले. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. पुढचे आयुष्य तिने स्टॉकब्रिजला काढले आणि १८२९ साली तेथेच तिचा अंत झाला. तिच्या खटल्यापाठोपाठ क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यांचे निकाल आले आणि १७९० च्या शिरगणतीत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. घटनेच्या पहिल्या कलमाने गुलामगिरी आपोआप गेली नाही. ते कलम लिहिणाऱ्यांना ॲशलीच्या घरातील दासी ऐकू येत नव्हती. तिनेच त्यांचे शब्द ऐकले, त्यांचा जो सरळ अर्थ होतो तोच धरला आणि तो कोर्टाकडून वदवून घेतला. क्रांतीने शब्द दिले. त्या शब्दांना खरेपणा दिला तो ज्यांना त्यांतून वगळले होते त्यांनी.

मृत्युपत्राची कथा

बर्कशायरमध्ये जे एका दासीला साधले ते देशाच्या पातळीवर थोरामोठ्यांना साधले नाही. कोश्चुश्कोने १७९८ साली अमेरिका सोडताना मृत्युपत्र केले. अमेरिकेतील आपली सर्व मिळकत गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यासाठी आणि त्यांच्या शिक्षणासाठी वापरावी, असे त्यात होते. हे काम त्याने सोपविले आपल्या मित्रावर, थॉमस जेफर्सनवर. जेफर्सनने स्वतःच्या गुलामांपासूनच सुरुवात करावी अशीही त्यात मोकळीक होती. १८१७ साली कोश्चुश्को वारला आणि १८१९ साली जेफर्सनने वय झाल्याचे सांगून जबाबदारी नाकारली. सर्व माणसे समान आहेत हे ज्या हाताने लिहिले त्या हाताला एका मित्राच्या पैशाने काही माणसे मोकळी करणे जमले नाही. जेफर्सनच्या मृत्यूनंतर जानेवारी १८२७ मध्ये त्याच्या वाड्यावरील १३० गुलामांचा लिलाव झाला. १८५२ साली सर्वोच्च न्यायालयाने कोश्चुश्कोची मिळकत युरोपातील वारसांकडे वळविली. अग्रिपा हलच्या सहवासात चार वर्षे काढलेल्या माणसाची अंतिम इच्छा अशी कागदावरच राहिली.

याला केवळ एका माणसाचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. १७८७ च्या घटनेने गुलामांचा तीन-पंचमांश हिशेब मालकांच्या प्रतिनिधित्वात मोजला आणि पळालेला गुलाम परत करण्याचे बंधन सर्व राज्यांवर घातले. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांतील फक्त गोऱ्यांना नागरिक होण्याची वाट ठेवली. १७९२ च्या कायद्याने लोकसेनेत फक्त गोऱ्यांची नोंद करण्यास सांगितले. सहा वर्षे लढलेल्या हलसारख्याला आता नियमाने बंदूक धरता येणार नव्हती. गरज होती तोवर दार उघडे होते. गरज सरताच ते लागले.

दुसरी बाजू

यावर कोणी म्हणेल की मग इंग्रजांच्या बाजूला गेलेलेच शहाणे ठरले. हे म्हणणेही पुराव्यापुढे टिकत नाही. डन्मोरची घोषणा बंडखोरांच्या गुलामांपुरतीच होती. राजनिष्ठ मालकांचे गुलाम गुलामच राहिले. १७८१ साली यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न कमी पडू लागले तेव्हा आश्रयाला आलेल्या, देवीच्या साथीने जर्जर झालेल्या काळ्यांना लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने तळाबाहेर हाकून दिले. मोहिकनांचे चित्र काढणारा तोच एवाल्ड या कृत्याचा साक्षीदार आहे आणि त्याची लाजही त्याने लिहून ठेवली आहे. युद्धानंतर सुमारे तीन हजार काळे इंग्रज जहाजांतून नोव्हा स्कोशियाला गेले. तेथे खडकाळ जमिनीचे तुकडे आणि गोऱ्या वसाहतवाल्यांची मजुरी त्यांच्या वाट्याला आली. त्यांतील सुमारे बाराशे जण १७९२ साली तोही देश सोडून आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेले. आणि यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस? तो १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि १७९३ साली त्याने बंगालच्या रयतेच्या मानेवर कायमधाऱ्याची जमीनदारी बसविली.

तेव्हा प्रश्न बाजू निवडण्यापुरता नव्हता. सत्तेसाठी भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना काळ्यांचे आणि आदिवासींचे हात हवे होते, त्यांचे हक्क कोणालाच नको होते. तरीही क्रांतीच्या बाजूला एक गोष्ट होती जी राजाच्या बाजूला नव्हती. ती म्हणजे समतेची भाषा. बेटने तिचा उपयोग केला. मोहिकनांना तो करता आला नाही, कारण त्यांची मागणी व्यक्तीच्या सुटकेची नव्हती, समूहाच्या जमिनीची होती. एका दासीला मोकळी केल्याने बर्कशायरच्या शेतीची मालकी हलत नव्हती. मोहिकनांचा दावा मान्य केला असता तर गावातील प्रतिष्ठितांच्या खात्यांवर घाला आला असता. क्रांती जेथवर मालमत्तेला धक्का लागत नाही तेथवर उदार राहिली. जमिनीचा प्रश्न निघाला तेव्हा ती मुकी झाली.

हजेरीपटापासून सातबारापर्यंत

या गावांचा मराठी माणसाशी काही संबंध नाही, असे समजण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. अमेरिकन क्रांतीचा पुरस्कर्ता टॉमस पेन हा जोतीरावांच्या वाचनातील लेखक होता. बेटचा खटला ज्या ग्रेट बॅरिंग्टनमध्ये चालला तेथेच १८६८ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस जन्मले. त्यांचे खापरपणजोबा टॉम बर्घार्ट हे आफ्रिकेतून पळवून आणलेले गुलाम. क्रांतियुद्धात तेही शिपाई होते. या नात्याने १९०८ साली ड्यू बॉइस क्रांतिवीरांच्या वंशजांच्या संघटनेत दाखल झाले, तेव्हा पूर्वजाच्या लग्नाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला नाही म्हणून त्यांचे सभासदत्व स्थगित करण्यात आले. गुलामाला लग्नाचा दाखला कोण देणार होते? जुलै १९४६ मध्ये याच ड्यू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती सारखी आहे, हे त्यांनी त्यात नमूद केले. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै रोजी उत्तर दिले.

म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी दिलेला इशारा स्टॉकब्रिजच्या दप्तरासमोर ठेवून वाचण्यासारखा आहे. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीत देश फार काळ राहिला तर राजकीय लोकशाहीची इमारतच ढासळेल, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत ती इमारत १८६१ साली यादवीच्या रूपाने ढासळली आणि सहा लाखांहून अधिक माणसांच्या प्राणांचे मोल देऊन गुलामगिरी संपवावी लागली. १७८७ साली जे तडजोडीने झाकले त्याचे व्याज चौथ्या पिढीला भरावे लागले.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे, पण पाळावयास कठीण आहे. मोर्चा निघतो तेव्हा पुढच्या रांगेत भूमिहीन, आदिवासी, दलित असतात. तुरुंगात जाणाऱ्यांच्या यादीतही तेच असतात. आधी सत्ता येऊ द्या, मग जमिनीचे पाहू, असे त्यांना सांगण्यात येते. प्रांतिक काँग्रेसचे मोहिकनांना आलेले पत्र काही वेगळे सांगत नव्हते. त्यात बंधुभाव होता आणि तो खोटाही नसेल. परंतु लढाईच्या आधी जे लिहून घेतले नाही ते लढाईनंतर मागता येत नाही, कारण तोवर मागणाऱ्याची गरज संपलेली असते. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे त्याचे नाव सातबारावर केव्हा आणि कसे चढेल, याचे उत्तर चळवळीच्या पहिल्याच ठरावात असावे लागते. ते नसेल तर प्रशस्तिपत्र मिळते, मेजवानी होते, आणि मग बिऱ्हाड पाठीवर येते.

किंग्जब्रिजचे शेत आता न्यूयॉर्क शहराच्या एका उद्यानात आहे. मोहिकनांच्या स्मरणार्थ तेथे १९०६ साली दगडांचा एक ढीग रचण्यात आला. त्यांचे वंशज विस्कॉन्सिनमध्ये आजही एक राष्ट्र म्हणून संघटित आहेत आणि आपल्या मूळ भूमीकडे ते पुन्हा पुन्हा येत असतात. २०२३ साली स्टॉकब्रिजजवळच्या मॉन्युमेंट डोंगराच्या पायथ्याची सुमारे साडेतीनशे एकर जमीन त्यांना परत मिळावी म्हणून मॅसॅच्युसेट्स सरकारने अनुदान मंजूर केले. पावणेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या नावे सारा मुलूख होता त्यांना त्यातला एक तुकडा विकत घेऊन परत मिळवावा लागतो आहे. तरीही ही बातमी दुःखाची मानता येणार नाही. घोंगडी कुजली, फीत विटली, प्रशस्तिपत्र पेटीत पडून राहिले. जमिनीची मागणी मात्र नऊ-दहा पिढ्या हातातून सुटली नाही.